गयाबाईंची नजर कुठे टेकते

पुण्याहून निघाले तेव्हा पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये एक चष्मा होता. त्याच्या चौकटीतले बारीक कॅमेरे डोळ्यांची हालचाल टिपतात आणि नजर कुठे, किती वेळ टेकली ते आमचं सॉफ्टवेअर लाल ठिपक्यांनी दाखवतं. कपाशीतली बोंडअळी अनुभवी माणूस कशी ओळखतो, ते मला नव्यांना शिकवायचं होतं.

परभणीहून एसटीने मानवत, तिथून रिक्षाने गाव. दोन्ही अंगांना काळी जमीन आणि फुलावर आलेली कपाशी. रोजंदारीवर कपाशी तपासणाऱ्या साठीच्या गयाबाई सून सुनीताबरोबर बांधावरच भेटल्या. आधी भाकरी, ठेचा आणि दही, कामाचं नंतर.

उन्हात कॅमेऱ्यांना काहीच दिसेना. सुनीताने छत्री धरली, तेव्हा जमलं. एका ओळीत मी चष्मा घालून फूल न् फूल तपासून चार डोमकळ्या (अळीने आतून मिटवलेली फुलं) शोधल्या. मग तोच चष्मा घालून त्याच ओळीतून गयाबाई न थांबता चालल्या आणि अकरा दाखवल्या. पडद्यावर माझे ठिपके झाडभर सांडलेले. त्यांचे मोजकेच, पाकळ्यांच्या टोकांवर.

पण त्यांचा डावा डोळा सॉफ्टवेअरला सापडतच नव्हता. काच पुसली, जुळणी पुन्हा केली. मी चष्मा घातला की सगळं ठीक. शेवटी विचारलं. सुनीता पाणी आणायला गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "साल झालं, त्या डोळ्यानं धुकंच दिसायलंय. कुनाला सांगू नका. कळलं तर कामाला कोन बोलवंल?"

मी शब्द दिला. फक्त त्यांचे ठिपके पडद्यावर पुन्हा दाखवून सांगितलं, या अकराही डोमकळ्या तुम्ही एका डोळ्याने शोधल्यात. त्यांनी पडद्यावर बोट ठेवत एकेक मोजली. मग सुनीता आल्यावर त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी परभणीला गेलो. मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन साधं असल्याचं सांगितलं, तेव्हा गयाबाईंनी एकच विचारलं, कापूस वेचणीच्या आधी परत शेतात जाता येईल ना.

पुण्याला परतताना गाडीत मी गयाबाईंचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. नजर कुठे टेकली ते यंत्राला कळलं होतं. ती तिथेच का टेकली, ते त्यांनाच विचारायला हवं होतं.

ऑपरेशननंतर महिन्याने त्यांचा फोन आला. "आता दोन्ही डोळ्यानं लख्ख दिसायलंय," त्या म्हणाल्या. "पन डोमकळ्या तेवढ्याच सापडायल्यात."