"त्यात बॅटरी हाय, सर"

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. एकदा एका मुलीचं नाव घेऊन बसलो, तेवढं पुरे झालं.

केजजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी हयातभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही शाळेने व्यसनमुक्तीचं काम माझ्याकडेच ठेवलं होतं. मुलांना शपथ द्यायची, सडलेल्या जबड्यांची चित्रं दाखवायची, फाटकाबाहेर तंबाखूबंदीची पिवळी रेघ मारायची आणि या सगळ्याचे फोटो वर पाठवायचे, असं ते काम. होळीच्या आदल्या दिवशी मोठा कार्यक्रम असे, व्यसनांची होळी. मुलं गावभर फिरून गुटख्याच्या रिकाम्या पुड्या आणि विडीची बंडलं गोळा करायची. मैदानात त्यांचा ढीग रचून आम्ही तो पाहुण्यांच्या हस्ते पेटवायचो. स्वतःकडचं काही द्यायचं असेल तर त्यासाठी व्हरांड्यात पत्र्याची पेटी ठेवलेली असे. "कुणाला नाव विचारणार नाही," असं मी दरवर्षी माइकवरून सांगायचो.

त्या वर्षी नववीतली एक मुलगी पेटीकडे न जाता सरळ माझ्याकडे आली. ओढणीच्या टोकात गुंडाळलेली वस्तू तिनं टेबलावर ठेवली. गुलाबी, जाड पेनासारखी. वास आंब्याच्या गोळीचा.

"काय गं हे?"

"सर, ह्यानं धूर ओढत्यात. दादानं पुण्याहून आनलंय. आमच्या वर्गातल्या पोरान्ला बी देतो. ते म्हनत्यात ह्यात तंबाखू न्हाई, नुसती वाफ हाय, कायच होत न्हाई. खरं हाय का, सर?"

मला उत्तर येत नव्हतं. माझ्या सगळ्या तक्त्यांवर गुटखा होता, विडी होती, हे कुठंच नव्हतं. 'मला माहीत नाही, उद्या शोधून सांगतो' एवढं म्हणता आलं असतं. पण शिक्षकाच्या तोंडाला त्या वाक्याची सवय नसते. मी म्हणालो, "व्यसन ते व्यसन. आज होळीतच टाकतो बघ."

"होळीत नका टाकू. त्यात बॅटरी हाय, सर. फुटंल."

शेजारी बसलेले दोन शिक्षक हसले. त्यातला एक म्हणाला, "घ्या सर! आता तुमालाच विज्ञान शिकवायला लागली ही."

ते हसणं मला लागलं. "तुझ्या बापाला शिकवलंय मी. जा वर्गात," मी तिच्यावर खेकसलो.

दारात ती थांबली. "नाव न्हाई ना सांगनार?"

"नाही गं बाई."

दुपारी हलगी वाजली, नारळ फुटला, ढीग पेटला. मी ते गुलाबी पेन उंच धरलं आणि माइकवर म्हणालो, "हे बघा नवं व्यसन!" अर्ध्याअधिक मुलांनी ती वस्तू पहिल्यांदा पाहिली, ती माझ्या हातात. पुढच्या रांगेतली मुलं माना उंचावून बघत होती. फोटो नीट यावा म्हणून मी क्षणभर तसाच उभा राहिलो, मग ते आगीत टाकलं.

थोड्या वेळानं फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि जळता तुकडा उडून पाचवीतल्या एका मुलाच्या दंडाला चिकटला. त्याचं किंचाळणं मला अजून ऐकू येतं. हात बरा झाला, डाग राहिला.

त्या मुलाचा बाप संध्याकाळी ऑफिसात आला. "कुनी आनलं ते शाळंत? बॉम्ब हाय का काय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "तिनं आणलं." एवढंच. तिनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही आणि आगीत मी टाकलं, हे सांगितलं नाही. बोललो त्यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्या आधारावर मी बरीच वर्षं झोपलो.

रात्रीपर्यंत गावात झालं, "ती पोरगी धूर ओढती." तिचा भाऊ तोंड मिटून पुण्याला निघून गेला. बापानं तिची शाळा बंद केली आणि तिला दिंद्रुडला मामाकडे धाडलं. मला सगळं कळत होतं. हॉटेलात बसून मी ऐकायचो आणि चहा प्यायचो.

पुढच्या वर्षी पत्र्याची पेटी रिकामीच राहिली. मुलांच्या मुतारीत मात्र आंब्याच्या गोळीचा वास यायला लागला. दहावीतल्या एकाला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, "कावून सांगू, सर? सांगनारीचं काय झालं, बघितलं की आमी." पुढं शाळेनं तो विषयच काढणं सोडलं. मुलांना नसतं सुचतं, असं बाकीचे शिक्षक म्हणाले.

गेल्या महिन्यात ती मला केजच्या स्टँडवर भेटली. हातात ब्लाउजच्या कापडांची पिशवी. मामाकडे शिवणकाम करते, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली. पुढं नर्सिंगला जायचं होतं, ते राहिलं, हे मी ऐकून होतो. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "सर, त्यात बॅटरी हाय म्हनून मी सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं होतंस."

"मंग आमच्या आप्पांना सांगा. त्यांना अजून वाटतंय ते माझंच व्हतं. दादा सांगनार न्हाई. माझी गाडी लागली."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बापाकडे गेलो. तो गोठ्यात कडबा टाकत होता. जुना विद्यार्थी म्हणून नेहमी पाया पडायचा, त्या दिवशीही पडला. मी सगळं सांगितलं. त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"आता सांगताव, सर?" तो म्हणाला. "तवा एवढं बोलला असता तर मी लेकरावर हात उचलला नसता."

बैलानं पेंढी ओढून घेतली, तेव्हा तो म्हणाला, "लिहून द्या. तिच्या मामाला दाखवतो, भावकीला दाखवतो. नाव नका घालू तिचं. कुनाचं हाय ते समद्यांला कळतंय."

म्हणून हे लिहिलं. तिनं विचारलं होतं, ती नुसती वाफ असते, काहीच होत नाही, हे खरं आहे का. खरं नाही. त्या वाफेत निकोटीन असतं, तंबाखूत असतं तेच. वास आंब्याचा असला तरी त्याची सवय लागते, आणि कोवळ्या वयात लवकर लागते. हे मला एका दुपारीत शोधून सापडलं. तेव्हाही सापडलं असतं.