गोलघुमटात मारलेली हाक

महादेवावर मी रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. बदलापूर गावातून दर सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जाणारी मी. पण ह्यांची स्मृती जायला लागली आणि माझं मंदिर सुटलं. कारखान्यात नकाशे काढण्यात ज्या माणसाची उभी हयात गेली, तो चहाचा कप हातात धरून "हे काय असतं?" असं विचारायला लागला, तर कुठल्या मनाने हात जोडायचे?

विजापूरचा गोलघुमट बघायची ह्यांची जुनी इच्छा. मधे एकही खांब नसताना एवढा मोठा घुमट उभा कसा, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. "बादशहांची थडगी बघायला एवढ्या लांब कोण जातं?" म्हणून मी दर वेळी विषय उडवून लावायचे. शेवटी लेकीने हट्टच धरला, बाबांना थोडंफार कळतंय तोवर जाऊन या, आणि आम्हाला सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं.

आणि काय सांगू, आत पाऊल टाकताच हे जागे झाले! मान वर करून मला समजावू लागले, त्या कमानी एकमेकींना छेदून जातात ना, त्याच घुमटाचा भार पेलतात. मधल्या चौथऱ्यावरच्या कबरी नुसत्या दाखवायला, खरी माणसं खाली तळघरात निजलीत. "आपल्या अंबरनाथला नाही का पिंडीपाशी पायऱ्या उतरून जावं लागतं, तसं." कितीतरी महिन्यांनी माझा नवरा माझ्याशी बोलत होता. मला इतकं भरून आलं की मी पदराने डोळे पुसत बसले. पदर बाजूला केला, तर हे शेजारी नव्हते.

सहलीतली बरीच मंडळी वर, घुमटाच्या आतल्या सज्जात गेली होती. मी चौथऱ्याभोवती फिरले, बाहेर बघून आले, मग घाबरून ओरडले, "अहो! अहो, कुठे आहात?" घुमट तो 'अहो' घोळवत राहिला. वर शाळेची सहल होती, पोरांना गंमत वाटली, तीही "अहो! अहो!" करायला लागली. इकडे दोन-चार परक्या पुरुषांनी वळून पाहिलं. आमच्या लोकांनी "काका, काका" करून पाहिलं. ह्यांचं उत्तर नाही. सज्जाबाहेरच्या उघड्या गच्चीचा विचार आला आणि मी चौथऱ्यापाशी येऊन वरच बघत राहिले.

नाव घेऊन हाक मारावी, हे मला सुचलं नाही असं नाही. पण नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईने लहानपणापासून मनात भरवलेलं. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. हे चिडवायचे, "एकदा नुसतं नाव घे की गं, यमक नको." मी म्हणायचे, "इश्श, भलतंच काय!"

चौथऱ्याला टेकून नऊवारीतली एक म्हातारी बसली होती. "कोण हरवलं गं बाई?" तिने विचारलं.

"आमचे हे. त्यांना काही आठवत नाही हो."

"मग आपण कुणाचे अहो आहोत, ते तरी त्याला कुठलं आठवायला? त्याची आई काय म्हणून हाक मारायची?" मी पदर तोंडाला लावला. ते बघून म्हणाली, "तीच हाक मार की. पाप लागलं तर माझ्या माथी."

मी डोळे मिटले. महादेवाला म्हटलं, ह्यांचं आयुष्य तुझ्या हाती, ठेव नाहीतर ने, पण आत्ता मला माझा माणूस दे. आणि ओरडले, "मधू! ए मधू!"

सगळा घुमट मधू मधू करू लागला. वरची पोरं एकदम गप्प झाली. आणि कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या जिन्यातून, पार वरून आवाज आला, "आलो गं आई!"

लोक धावले, ह्यांना हाताला धरून खाली घेऊन आले. म्हातारीच्या पाया पडायला वळले, तर ती तिथे नव्हती. आमच्यापैकी कुणी तिला पाहिलंही नव्हतं. ती कोण, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

त्यानंतर हे त्या एकाच नावाला ओ द्यायचे. मधू, चहा घे. मधू, चप्पल घाल. किती गोड लागायचं ते नाव तोंडात! पुढच्या उन्हाळ्यात हे गेले. माझ्यामुळे आयुष्य कमी झालं का, हा प्रश्न मी महादेवाच्या पायाशी ठेवून दिला आहे. हळहळ वाटते ती वेगळीच. मला बायको म्हणून ओळखत होते, तेव्हा ह्यांनी हौसेने नाव मागितलं. मी दिलं तेव्हा ते ऐकायला कुणा आईचं लेकरू तेवढं उरलं होतं.

सोमवार मी पुन्हा सुरू केलेत. पायऱ्या उतरून पिंडीपाशी बसते. उशिरा का होईना, ते नाव माझ्या तोंडून वदवून घेतलंस, याचे उपकार मानते आणि जपाआधी हळूच एकदा "मधू" म्हणते. तिथल्या गाभाऱ्याला शिखर उरलेलं नाही, वर घुमट नाही, उघडं आभाळ आहे. हाक परत येत नाही. मग म्हणते, देवा, आता ह्यांच्या वतीने तूच ओ देत जा.