बिनआवाजाच्या बसमध्ये चढेना ती आजी

पोरांनो, बोलतेय मी, टाइप करतेय सून.

माझी नात लडाखमध्ये बॅटरीवरची बस चालवते. आज एका गावात धुराच्या जीपऐवजी पहिल्यांदाच तिची बस गेली. पण तिथली एक आजी चढेना. आवाज नाही, म्हणजे घाटात बंद पडणार, म्हणे! ती चढेना म्हणून गाव चढेना.

नातीने मला व्हिडिओ कॉल लावला. "आजी, ती विचारते, तू बसशील का असल्या गाडीत?"

झाली पंचाईत! सुनेच्या बॅटरीच्या स्कूटरला घाबरून मी शेजारच्या निर्मळ गावच्या देवळात चालत जाते.

म्हटलं, "सूनबाई, काढ स्कूटर!" फोन धरून मागे बसले. तिकडे ती आजी हसली नि बसमध्ये चढली, मागोमाग गाव.

सून म्हणाली, "आई, उतरा आता."

"नात अख्खं गाव घाटापार नेतेय, तू मला देवळापर्यंत तरी ने!"

बस सुखरूप पोचलीय. तुमची आजी कशावर अडलीय? लावा मला कॉल.