पान चौदावरचं वजा

इंजिनीअरिंग कॉलेजसमोर एकोणीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पोरं काउंटरवर कोपर टेकून उभी असतात, मशीन घरघरत असतं, आणि त्या आवाजात म्हातारीला काही ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. मला सगळं ऐकू यायचं. शिवाय मी वाचायचे. काचेवर उपडा ठेवायचा कागद आधी सरळ धरून वाचायचा, हा माझा नियम. सातवीनंतर मला शाळेतून काढलं. पुढचं शिक्षण मी असं पानापानाने घेतलं, कुणाच्या परवानगीशिवाय. त्यातल्या एका वर्षाचे हे किस्से.

*

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या गणिताला पोरं एम-टू म्हणतात. त्यात डिफरन्शियल इक्वेशन्स असतात. एकाला विचारलं, हे नक्की कशाचं गणित? तो म्हणाला, "मावशी, हे समजून घ्यायचं नसतं. पाठ करायचं असतं."

म्हणून मी समजून घ्यायला बसले. जुनी पुस्तकं, रद्दीतले पेपर, सहा महिने. एवढं कळलं की एखादी गोष्ट कशी बदलते ते समीकरण सांगतं, आणि ती गोष्ट काय आहे ते आपण शोधायचं. उत्तर बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं लागत नाही. ते परत समीकरणात घालायचं. दोन्ही बाजू जुळल्या तर बरोबर. आमच्या वेळी याला ताळा म्हणत.

पाठ करणारा तो पोरगा नापास झाला, हे सांगायला मला आजही वाईट वाटत नाही.

*

सारिका उरणची. वडील बंदरात कामाला, आई पनवेलच्या बाजारात म्हावरं विकायची. पोरगी एम-टूत दोनदा अडकलेली; अशा मागे राहिलेल्या विषयाला पोरं केटी म्हणतात. पानं गोळा करता करता तिने एकदा सरळ आवाजात सांगितलं, "या वेळी केटी सुटली नाय तर तिसऱ्या वर्षाला बसता येणार नाय. आणि घरी बसले तर बाबा लग्न ठरवतील. तसं बोललेत ते."

रडली नाही. म्हणून मला ती आवडली. दुपारी येऊन बस म्हटलं, स्टूल रिकामंच असतं.

*

महिन्याभराने तिची आई बघायला आली, ही कोण बाई शिकवते म्हणून. टोपली खाली ठेवून दारातच उभी राहिली. आमचं तापमानाचं गणित चाललं होतं. मी माशाचंच उदाहरण घेतलं होतं. बर्फातला मासा बाहेर काढला तर आधी भराभर तापतो, मग जसजसा हवेच्या जवळ येतो तसतसा सावकाश.

"ह्ये कालेजात शिकवतात?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं.

"किती वर्सं?"

"सगळं मिळून चार."

तिने एकदा लेकीकडे बघितलं. मग टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

*

मॅथ्सच्या सरांच्या हस्तलिखित नोट्स आमच्या भागात तीन-चार कॉलेजांत चालायच्या. त्यात पान चौदावर, तिसऱ्या ओळीत, एक वजाचं चिन्ह गळलेलं होतं. तिथून पुढे उत्तरापर्यंत सगळं चूक. वर्षानुवर्षं पोरं ते तसंच लिहीत होती आणि मार्क घेत होती. ताळा केला तर दोन्ही बाजू एकमेकींना ओळखसुद्धा दाखवत नव्हत्या.

सर सर्टिफिकेटच्या कॉपीज काढायला आले तेव्हा पान त्यांच्यापुढे धरलं.

"मावशी, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. तुमचं?"

"एम.एससी."

"मग तुम्हाला दोन मिनिटं पुरतील."

त्यांचं लेक्चर होतं. ते गेले.

त्या दिवसापासून पान चौदा मी समासात दुरुस्ती लिहिल्याशिवाय कुणाला दिलं नाही. पोरं शेजारच्या दुकानात जाऊ लागली. तिथे ते स्वच्छ मिळायचं.

*

परीक्षेच्या आदल्या दुपारी सारिकाने विचारलं, "मावशी, चौदाचं गणित आलं तर काय लिहू?"

वर्षभर त्या वजासाठी भांडलेली बाई मी. गिऱ्हाईक घालवलं, सरांना दुखावलं. पण पेपर कुणाच्या हातात पडेल सांगता येत नव्हतं, आणि सगळे तेच उत्तर बरोबर धरणारे. पोरीपुढे दुसरी संधी नव्हती.

"सरांचं लिही," मी म्हटलं. "पास हो. बाकी नंतर बघू."

मी मशीनमध्ये कागद भरत होते. ट्रे आधीच भरलेला होता.

*

गणित आलं. पेपर सुटल्यावर ती तडक दुकानात आली, पाणी मागितलं आणि म्हणाली, "वजा लावलं. खाली चार ओळींत ताळा पण लिहिला. ज्याला पटणार नाय त्याने करून बघावा."

मी तिला झापलं. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ती ऐकून घेऊन बसस्टॉपकडे गेली. पुढचे दोन महिने ती आली नाही आणि मीही निरोप पाठवला नाही.

निकालाच्या दिवशी मायलेकी दोघी आल्या. केटी सुटली होती. सारिकाने पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला.

आईने लेकीचं मनगट धरलं. मला विचारलं, "मावशी, तुमी हिला चुकीचं लिव म्हनून सांगितलं व्हतं?"

"हो," मी म्हटलं.

तिने ते मनगट सावकाश लेकीच्याच तोंडाकडे वळवलं.

"मावशीला पन देऊ. पैला तू खा."