निळे ड्रम आणि मूठभर तांदूळ

मंगळवारी सकाळी हेमराजभाऊ गेले. फोन समोरच्या घरातून, त्यांच्या जावयाचा होता. मी ओट्याजवळ उभी होते. भाऊंचा डबा धुऊन पालथा घातला होता, त्याचं पाणी निथळत होतं. जावई म्हणाले, बाबा पहाटे झोपेतच गेले. मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि डबा पुसला.

त्याला आता काही महिने झाले. फुलचूरमध्ये आमची घरं समोरासमोर, मधे फक्त रस्ता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि इथे राहायला आले, तेव्हा त्यांच्या घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये निकल-क्रोमचं काम जोरात चालायचं. सायकलची हॅण्डलं, बॅण्डवाल्यांच्या पिपाण्या-तुताऱ्या, राइस मिलचे दांडे, शाळांच्या ढाली, कधी एखाद्या देवळाचा कळस... सगळं काळंकुट्ट आत जायचं आणि तोंड दिसेल असं बाहेर यायचं. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे, ‘निकलवाले’ म्हटलं की पुरे. दुपारी वारा आमच्याकडे वळला की जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव यायची. मी खिडकी लावून घेतली की भाऊ तिकडून हसत. एकदा म्हणाले, “बाई, तुमची पुस्तकं पिवळी पडून राहिली असतील तं आना, निकल चढवून देतो.” मला पटकन उत्तर सुचत नाही, कधीच सुचलं नाही. दोन दिवसांनी मी म्हणाले की पुस्तकं पिवळीच बरी दिसतात. तोवर ते विनोद विसरून गेले होते.

शेडमध्ये घासायचं काम बिसराम करायचा. सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यातला, आठवड्याला गाडीने घरी जाणारा. बफच्या, म्हणजे कापडी पॉलिशच्या, फिरत्या चाकावर धातू धरून उभा असायचा. संध्याकाळी त्याच्या काळ्या चेहऱ्यात दात तेवढे दिसत. भाऊ म्हणायचे, चढवणारा मी, पण चमक त्याची. घासणं नीट नसेल तर वरचं निकल कितीही चांगलं असलं तरी वस्तू आंधळीच दिसते.

मग बाहेरून स्वस्त क्रोमचे तयार भाग येऊ लागले, पाठोपाठ स्टीलही आलं. बिसराम आजारी पडून गावी गेला आणि काही महिन्यांत वारला. भाऊंनी शेडला कुलूप लावलं. त्याआधी, बिसराम गावी जाण्याच्या थोडं अगोदर, त्यांनी एक गोष्ट केली होती. रसायनांचे निळे ड्रम रिकामे झाले होते. आमच्या भागात चांगल्या जाड ड्रमाला केवढा मान! पाणी भरा, धान ठेवा, मोहफुलं ठेवा, उंदीर लागत नाही. भाऊंनी ते सोड्याने धुतले, चुन्याने धुतले, उन्हात पालथे घातले आणि अकतीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाटून टाकले. त्या दिवशी आपल्याकडे नवा घडा भरतात, त्यांनी ड्रम दिले. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, बिसरामला. एक माझ्याकडेही आला. मी त्यात जुने दिवाळी अंक ठेवले.

शेड तशीच राहिली. टिनं गंजली, पावसाचं पाणी आत गेलं, टाक्यांतला गाळ भिंतीबाहेर झिरपला. मागच्या भिंतीपाशी माती पिवळी-हिरवी दिसायची आणि तिथे गवत उगवत नसे. तीनेक वर्षांपूर्वी त्या जागेला गिऱ्हाईक आलं. त्याचं म्हणणं सरळ होतं : टाक्या तिथेच फोडून पुरू, वरून मुरूम, वरून सिमेंट, कोणाला दिसणार? भाऊ म्हणाले, “मले दिसंल ना.” सौदा मोडला. त्यांनी सरकारी कचेरीत चकरा मारल्या आणि शेवटी नागपूरकडून धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी माणसं आली. त्यांच्यासोबत एक तरुण इंजिनिअर बाई होत्या, बोलायला मऊ, कामाला कडक. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. पांढरे कपडे, तोंडाला मुखवटे, हातात जाड मोजे घालून माणसं आत शिरली, तेव्हा आमच्या गल्लीत कुणीतरी म्हणालं, निकलवाल्याच्या घरी चांद्रयान उतरलं.

काम हळू होतं. तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, सगळं एका टोकाला, सायनाइडचं दुसऱ्या टोकाला, कारण ही दोन एकत्र आली तर जीवघेणा वायू होतो. भाऊंनीही हयातभर ती समोरासमोरच्या दोन भिंतींना ठेवली होती. कुठल्या टाकीत काय होतं ते भाऊ उंबऱ्याबाहेरून सांगत आणि मॅडम तरीही प्रत्येक टाकीचा नमुना तपासून घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सहज विचारलं, इथले रिकामे ड्रम कुठे गेले? भाऊंचा चेहरा खुलला. “वाटून देलो,” ते म्हणाले, “लोकायच्या कामी आले.” मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की धुतल्याने वरचं जातं, प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं जात नाही, आणि असा ड्रम खाण्यापिण्याच्या वस्तूला कधीच वापरू नये. मॅडम निघून गेल्यावर बराच वेळ ते शेडकडे पाठ करून बसले होते. मला म्हणाले, “बाई, आता घरोघरी जाऊन मांगा लागते.”

दिलेली वस्तू परत मागणं आपल्याकडे वाईट. तरी मागायची होती, आणि सगळी मागायची होती, एकही सुटून चालणार नव्हतं. कुणाला दिले याची यादी त्यांनी ठेवली नव्हती. ते आठवत राहिले.

पहिला ड्रम माझा गेला. मी अंक बाहेर काढले, त्यांचा गठ्ठा मॅडमनी वेगळा बांधून घेतला, त्याचं मला थोडं वाईट वाटलं. ड्रम शेडपाशी नेऊन ठेवला. थोड्या वेळाने मॅडम झाकण उघडून आत बघत उभ्या. “यात तांदूळ का आहेत?” शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून हाताने आपोआप मूठभर टाकले होते... एवढी पुस्तकं हाताळलेली मी, आणि विषाच्या ड्रमाचं ओझं मुठीने वाढवून बसले. दुसरा ड्रम आला त्यात तांदूळ. तिसऱ्यात तांदूळ आणि वर एक सुपारी. मॅडम म्हणाल्या, हे सगळं आता कचऱ्यातच जाणार. भाऊंना ते सोसवेना. ड्रम गेला तर जावो, पण लोकांनी मानाने दिलेलं अन्न त्या गाळासोबत जावं, हे काही त्यांना पटेना. ते घरात गेले आणि आपल्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या, फळीवरून एक कडीचा स्टीलचा डबा घेऊन आले. त्या दिवसापासून दारात गेले की आधी डबा पुढे करायचे. “ड्रमात नको टाकू बाप्पा, याच्यात टाक.”

आम्ही ‘छोटा हत्ती’ टेम्पो भाड्याने घेतला होता. मागे नवे ड्रम घेऊन जायचे आणि जुने घेऊन यायचे. भाऊ मला सोबत नेत. म्हणत, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बोला. दारात गेल्यावर मात्र तेच बोलत. टोमणे पुष्कळ ऐकले. त्यांच्या साळ्याने विचारलं, “भाटोजी, लग्नात देलेली गाय बी वापस नेता काय?” एक म्हातारी नवा ड्रम बोटाने वाजवून म्हणाली की हा तर पापडासारखा आहे, जुनाच बरा. भाऊ सगळं हसून घेत आणि पुन्हा पहिल्यापासून समजावत. कुणी धान रिकामं केलं, कुणी पाणी. आणि दिवाळीनंतरचे दिवस, नवा तांदूळ घरात आलेला, त्यामुळे जवळपास प्रत्येकाने ड्रम देताना डब्यात एक मूठ टाकली; ती ड्रमातली नाही ना, हे भाऊ आधी विचारून घेत.

राहिला बिसरामचा. त्याची बायको सुकवारोबाई सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत, एकटी राहते. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात होती. ड्रमाचं नाव काढताच म्हणाली, नाही माझ्याकडे. तिच्या मागे, कुडाला लागून, लुगडं वाळत घातलेला ड्रम मला दिसत होता. भाऊंनाही दिसला असणार. ते खाटेवर बसले. गुडघ्यांचं विचारलं, बकऱ्यांचं विचारलं, यंदा मोह कसा पडला ते विचारलं. बिनदुधाचा चहा आला. तिकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. शेवटी तीच म्हणाली,

“ड्रमासाठी आला ना तू?”

“हो.”

“त्यानं डोक्यावर आनला होता. टेसनापासून इथपावेतो. नाही देत मी.”

“मीच देलो होतो, वैनी. धुतल्यानं जात नाही हे मले मालूम नव्हता. चूक माजी हाये.”

“इतके साल मोहा ठेवून राहिलो, खाऊन राहिलो. काही नाही झाला.”

“नाही झाला तं चांगला झाला. पुढं बी नाही होनार, हे मी कोन्या तोंडानं सांगू?”

ती रिकामे कप उचलू लागली. मला वाटलं, आता उठावं. भाऊ उठले खरे, पण गाडीकडे गेले आणि सीटखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. तेलाचा वास आला. आत पितळेचा तांब्या होता. बिसरामने घासलेली ती शेवटची वस्तू. भाऊंनी त्याच्यावर निकल चढवलं नव्हतं, तेल लावून कपाटात ठेवला होता, मला कधी बोललेही नव्हते. ते म्हणाले, “ड्रम त्यानं उचलून आनला, वैनी. याच्यात त्याचा हात हाये.”

तिने पदराने तेल पुसलं. उन्हात धरला. तांब्यात तिचं तोंड वाकडं, रुंद दिसत होतं, ते ती बघत राहिली... मग म्हणाली, “घरी बी असाच. लोटा घासत बसे आन् भात थंडा होऊन जाये. मी आवाज देऊन देऊन थको. इकडंबी हेच करे काय?”

“हेच करे,” भाऊ म्हणाले, आणि ती हसली.

ड्रमाच्या तळाशी थोडी मोहफुलं उरली होती. तिने विचारलं, जनावरालाही नको का? भाऊ म्हणाले, नको. मोजे घालून आम्ही ती मॅडमनी दिलेल्या पिशवीत भरली. नवा ड्रम कुडाला लावून ठेवला. निघताना ती आत गेली आणि धान्याच्या ढोलीतून मूठभर तांदूळ घेऊन आली. भाऊंनी डबा उघडला.

शेडचं काम संपलं त्या दिवशी पिवळी माती भरलेल्या पिंपांच्या शेवटच्या खेपेला निरोप देऊन भाभींनी त्या डब्यातल्या तांदळाचा भात केला. बारीक चिन्नोर, जाडा, कुणाचा नवा, कुणाचा मागल्या सालचा, सगळा एकत्र. काही दाणे गाळ झाले, काही दाताखाली कचकच वाजत होते. भाभी म्हणाल्या, असा भात मी जन्मात केला नाही, नाव माझं खराब होणार. मॅडमनी मुखवटा काढून, हात कोपरापर्यंत धुऊन, दोनदा वरण-भात घेतला. भाऊ पानावर बसून नुसते बघत होते. मी त्यांना इतकं निवांत बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मात्र पुष्कळदा पाहिलं. संध्याकाळी खुर्ची रस्त्याच्या कडेला आणून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नव्या ड्रमाची खबर विचारत. दोन वर्षं ती खुर्ची तिथे होती. जागेचं पाणी अजून वापरू नका, असं मॅडमनी सांगितलं होतं, तर तिथल्या हातपंपाला लाल रंग त्यांनी स्वतः लावला आणि जागा विकली तेव्हा घेणाऱ्याला आधी तो हातपंप दाखवला.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात ते रस्ता ओलांडून आले. त्याच डब्यात भाभींनी केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे होते. बसले नाहीत. “डबा आरामानं द्या, बाई. मी कोठं जाऊन राहिलो?” मी नेहमीप्रमाणे हसले आणि डबा घेतला. वडे दोन दिवस पुरले.

तेरवीला मी डबा घेऊन गेले. भाभींनी कडी काढून आत पाहिलं, तांदूळ आपल्या कोठीत ओतले, डबा आत नेला. मी उठू लागले तेव्हा त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. आत काही सळसळलं म्हणून उघडला, तर त्यांनीही मूठभर टाकले होते. म्हणाल्या, “येत जा. मले आता समोर बघाले दुसरं कोन हाये?” तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी मी काहीतरी करून नेते, मग त्या पाठवतात. डबा असा रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला चालू आहे.

शेडच्या जागी आता ट्रॅक्टरचं गॅरेज उभं राहतंय. हातपंप लालच आहे. डबा आज माझ्याकडे आहे. त्यात मूठभर तांदूळ आहेत.