चहाबरोबरची अगरबत्ती

काय फजिती झाली म्हणून विचारताय? सांगते, पण आधी चहा संपवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना माझ्या भावजयीच्या नाकातून चहा आला होता.

तर मी सिगरेट ओढायचे. हो, मीच! सुरतेच्या उधन्यात जन्मले, उधन्यातच सासर, सासू-सासरे अमळनेरकडचे, डोक्यावर पदर घेऊन पाया पडणारी मी सून. पण नोकरी साड्यांच्या प्रिंटिंगच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायची. ऑर्डरची घाई असली की डोकं तापायचं. मग माझ्याबरोबर काम करणारी पायल आणि मी गच्चीवर जायचो. एकदा तिनं दिली, मी ओढली, आणि मग लागलीच सवय. नवऱ्याला, म्हणजे नीलेशला, माहीत होतं. घरात बाकी कुणाला नाही.

आणि एके सकाळी दिवस गेल्याच्या चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या!

लग्नाला बरीच वर्षं झाली होती हो. आम्ही आशा सोडत आलो होतो. नीलेश तर बाथरूमच्या दारातच रडायला लागला. मीही रडले, पण मी दोन गोष्टींसाठी रडले. कारण आदल्याच दिवशी गच्चीवर गेले होते ना!

पाकीट तिथल्या तिथे फोडून कचऱ्यात टाकलं. ऑफिसात गेल्यावर पायलला सांगितलं, तर ती किंचाळली, "अरे पागल! एकदम बंद नाही करायचं! बाळाला शॉक बसतो. हळूहळू कमी कर."

घ्या! आता ओढली तरी बाळाला त्रास आणि सोडली तरी बाळाला त्रास? मोबाइलवर बघितलं तर एक जण एक सांगतोय, दुसरा भलतंच. तोंड कोरडं पडलंय, आणि हे सिगरेट नसल्यामुळे होतंय की भीतीनं, तेही कळेना. शेवटी ठरवलं, सरळ डॉक्टरला विचारायचं.

पण एकटीला सोडतील तर त्या आमच्या सासूबाई कसल्या! "पहिलं बाळ शे," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, आणि नवी साडी नेसून रिक्षात माझ्या आधी जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाई गुजराती, वयस्कर, चष्म्यावरून बघणाऱ्या. सगळं विचारून झालं आणि मग म्हणाल्या, "बेन, कोई आदत? तमाकू, सिगरेट?"

शेजारच्या खुर्चीत सासूबाई. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला.

"ना ना! छे!" मी म्हटलं.

आता गप्प बसायचं की नाही? पण ज्यासाठी आले ते विचारायलाच हवं होतं ना! माझ्या तोंडून निघालं, "पण मॅडम, घरात जरा... धूर असतो. तो एकदम बंद केला तर बाळाला काही होईल? की हळूहळू कमी करायचा?"

"धूर? चूल्हा है क्या?"

"आमना घरमा कोठे शे धूर?" सासूबाई उसळल्या. "गॅस शे, तो बी पाईपना!"

"नाही, म्हणजे... अगरबत्तीचा!" मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अगरबत्ती हळूहळू बंद करनी है?"

"हो."

"दिन में कितनी?"

"पाच-सहा."

"कब कब लगाती हो?"

आणि इथे माझ्या अकलेनं साथ सोडली. खरं उत्तर तोंडातून बाहेर पडलं, "जेवण झाल्यावर. आणि ऑफिसात, चहाबरोबर."

"चाय के साथ अगरबत्ती?"

"ऑफिसमा बी देव शे का वं?" सासूबाईंनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

"गच्चीवर आहे," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. खूप वेळ पुसला. त्यांचे खांदे हलत होते. तेवढ्यात नर्स धावत आली, आत कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या. उठता उठता त्यांनी बोट दाखवून सांगितलं, "धुआँ बंद. पूरा बंद. आज से. और बेन, परसों आना. अकेली!"

आता मला सांगा, हे उत्तर सिगरेटचं होतं की अगरबत्तीचं? मला काय कळणार! मी जिथे होते तिथेच.

सासूबाईंना मात्र सगळं स्वच्छ कळलं होतं. घरी येताच देव्हाऱ्यातल्या अगरबत्त्या गेल्या. धूप गेला. मच्छरांची कॉईल गेली. मिरचीची फोडणी बंद झाली, चारही माणसं बिनमिरचीची भाजी खात एकमेकांची तोंडं बघायला लागली. खालच्या पानवाल्याला त्यांनी कचरा जाळताना धरलं, "डॉक्टरीनबाईनी सांगेल शे!" तो बिचारा ओडिशाचा, त्याला एक अक्षर कळलं नाही. पण त्यानं घाबरून आग विझवली.

आणि मग त्या सासऱ्यांकडे वळल्या.

बाबा कापड गिरणीच्या लूम खात्यातून रिटायर झालेले. माणूस देवासारखा, पण बिडीशिवाय त्यांना कोणी बघितलेलं नव्हतं. सासूबाईंनी बंडल त्यांच्या खिशातून काढलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं!

संध्याकाळी बाबा जिन्यात बसले होते. मीही तिथेच जाऊन बसले. दोघांचे पाय हलतायत, दोघं बडीशेप चावतोय, दोघांना डास फोडतायत.

"सूनबाई," बाबा केविलवाणं म्हणाले, "तुला नाही कळायचं पोरी, तलफ काय असते ते."

"हो ना बाबा," म्हटलं, आणि बडीशेपची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

दोन दिवस मी सिगरेटला हात लावला नाही, पण एक क्षण भीती गेली नाही. पोटात जरा कळ आली की वाटायचं, बसला वाटतं शॉक!

ठरल्या दिवशी एकटी गेले. दारात पाऊल ठेवताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवो, अगरबत्तीवाली बेन! कौनसी ब्रँड की अगरबत्ती पीती हो?"

मी तिथेच रडायला लागले आणि गच्चीवरच्या सिगरेटपासून बादलीतल्या बिड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं. एकदम सोडल्यानं बाळाला शॉक वगैरे काही बसत नाही, एकदम सोडलेलीच उत्तम. जे ओढून झालं त्याचं ओझं डोक्यावर घेऊन फिरू नकोस. आज सोडलीस तर आजपासून बाळाचा फायदा. चिडचिड होईल, झोप उडेल, ते थोडे दिवस. तलफ आली की पाणी पी, चार पावलं चाल, कुणाशी तरी बोल. ती लाट आपोआप उतरते. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी मनानं घेऊ नकोस, अगदीच जमेना तर माझ्याकडे ये, आपण बघू. एखादी चुकून ओढलीस तर तोंड लपवू नकोस, ये आणि सांग. ही फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घे.

"और तुम्हारी सास ने बीडी निकाली, वो बहुत अच्छा किया," त्या म्हणाल्या. "दूसरे का धुआँ भी नहीं चाहिए. कॉईल की जगह मच्छरदानी. लेकिन मिर्ची की फोडणी चालू करो, ससुरजी भूखे मरेंगे!"

मग सोनोग्राफीच्या पडद्यावर एक इवलासा ठिपका लुकलुकताना दाखवला. काळीज म्हणे ते. मला त्या क्षणी असं हलकं वाटलं, की रिक्षा न करता उड्डाणपुलाखालून चालत घरी आले.

त्याच हलकेपणात सासूबाईंना खरं सांगून टाकलं. स्वयंपाकघरात, मान खाली घालून. पोळी तव्यावर करपली.

"आते सोडी दिन्ही ना?"

"सोडली, आई. शप्पथ."

"मंग व्हई गयं." त्यांनी पोळी उलटली. आणि एकदम माझा हात धरला. "पन तुना सासराले सांगू नको! मनं कधी ऐकं का त्यासनी? उमर गयी मनी. आते तुना अगरबत्तीना पायी बिडी सुटी ऱ्हायनी!"

म्हणजे बाबांची बिडी सुटलेली राहावी म्हणून खोटं आता कायम झालं. मुलगी झाली, छान गुटगुटीत, खणखणीत रडणारी. बाबांचा खोकला गेला. बारशाला गच्चीवर मांडव, गल्लीतलं भजनी मंडळ, आणि बाबांनी माइक हातात घेतला!

"माझी बिडी कोणामुळे सुटली? या सूनबाईमुळे!" त्यांचे डोळे भरून आले होते. "बाळासाठी हिनं देवाची अगरबत्तीसुद्धा सोडली. ऑफिसात चहा पितानाही देवाचं करायची ही! सांग पोरी सगळ्यांना, हे सुरू कसं झालं?"

माइक माझ्या हातात. समोर दीडशे डोळे. सासूबाई डोळ्यांनी खुणावतायत. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"मैत्रीण म्हणाली, एकदा ओढून तर बघ..."

टाळ वाजवणाऱ्याचा हात हवेत.

"...म्हणजे, ओढ! देवाची ओढ लावून तर बघ, असं म्हणाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंना असा ठसका लागला की दोघींनी त्यांची पाठ चोळली. आणि भजनी मंडळानं तिथल्या तिथे मला अध्यक्ष केलं!

आता दर गुरुवारी पहिल्या रांगेत, मधोमध बसते मी. एकही भजन येत नाही. नुसती तोंड हलवते.