धावरं आणि भोपळा

“विसर्प,” वैद्यबुवा म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी समजावलं, “विष कातडीखालून पसरत जातं. तुमच्याकडे धावरं म्हणतात, तेच. गुडघा ओलांडून वर गेलं, तर माझ्या हाती काही नाही.”

नारायण पेठेतल्या त्यांच्या ओसरीवर आमचे हे आडवे पडले होते. तापाने अंग फणफणलेलं, आणि पायाची लाली गुडघ्याच्या जरा खाली येऊन ठेपलेली.

“हडपसराहून यायला इतके दिवस लागतात? की मुहूर्त बघत होता?”

मी पदराआडचा भोपळा त्यांच्यापुढे ठेवला.

उद्या तुमच्याही घरात कुणी असं पडेल, म्हणून सगळं सांगते. सुरुवात बाभळीच्या काट्याने झाली. मग हुडहुडी भरली, पाऊल लाल होऊन सुजलं. बुवा रोज सकाळी गोरगरिबांना फुकट औषध देतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पण देवाकडे, राजाकडे आणि वैद्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, गेलं तर गुण येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. आणि आमचे हात रिकामेच होते. श्रीमंत पेशव्यांच्या फौजेचा तळ शिवारात पडला, नि घोड्यांनी उभा जोंधळा फस्त केला. नारळ राहू द्या, घरात पसाभर दाणे नव्हते.

छपरावरच्या वेलाला एक भोपळा तेवढा धरला होता. “त्यो पिकू दे, मंग जाऊ. भिकाऱ्यावानी न्हाई जायाचा मी,” हे म्हणाले. मोठा मानी माणूस! मी रोज आधी भोपळा बघायची, मग पाय. पायच भराभर वाढत होता. शेवटी ह्यांची शुद्ध हरपली, तेव्हा मी भोपळा कोवळाच तोडला आणि ह्यांना शेजाऱ्याच्या गाडीत घातलं.

हे सगळं मी बुवांनाही सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “मी इथे रोज बसतो, आणि येतात ते नारळवाले. मला वाटायचं, गरिबांची प्रकृती उत्तम असते.”

त्यांनी जळवा लावल्या. मग शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप, हलक्या हाताने चोळलं. लालीच्या कडेने काजळाची रेघ ओढून म्हणाले, “ही ओलांडली तर मला हाक मारा.”

दुसऱ्या दिवशी ओलांडली. बुवांनी नवी रेघ ओढली. आता गुडघा अगदी लागूनच होता. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. ओसरीवर माणसं येत-जात होती आणि मी त्या रेघेवरची नजर काढत नव्हते. डोळे मिटले तर लाली पुढे सरकेल, असंच वाटायचं.

ती रेघ मात्र टिकली. ताप उतरला. ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “भाकर हाय का?” मी ढसाढसा रडले.

निघताना मी बुवांना म्हणाले, “तुमीच या की आमच्या गावाला.”

“बोलावल्याशिवाय वैद्य जात नसतो, बाई.”

“मंग ह्येच बोलावणं समजा. गरिबाघरचं हाय, पर बोलावणं हाय.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी बुवा खरोखरच आले. मारुतीच्या पारावर घोंगडी टाकून बसले. गाव जमलं, पण लांबच उभं राहिलं. ज्याचे हात रिकामे, तो पुढे यायला तयार होईना. बुवा औषधांच्या पुड्या उगाच इकडच्या तिकडे करत होते.

तेव्हा आमचे हे उठले. पाय तर आता बरा झाला होता. तरी सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात मोकळे सोडून चालत गेले आणि बुवांसमोर बसले. बुवांनी नाडी धरली, जीभ बघितली, एक पुडी दिली. ह्यांनी ती कपाळाला लावली.

मागून एक म्हातारी काठी टेकत निघाली. तिच्यामागे कडेवर पोर घेतलेली एक बाई. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बुवांना मान वर करायला फुरसत मिळाली नाही.